जनुकांचं लॉजिक मॉडेल नेमकं कुठे फसतं? या चुका टाळा

बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या कॉलेजांत बायोटेक्नॉलॉजी किंवा मायक्रोबायोलॉजी करणाऱ्यांना शेवटच्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टसाठी बूलियन मॉडेल हा विषय परवडतो. महागडी किट लागत नाहीत, आरएनए सिक्वेन्सिंगचा खर्च नाही, साध्या लॅपटॉपवर काम भागतं. जनुक चालू असेल तर 1, बंद असेल तर 0, आणि कोण कोणाला चालू-बंद करतं त्याचे नियम. स्टुअर्ट कॉफमन यांनी 1969 मध्ये आणि रेने थॉमस यांनी 1973 मध्ये हीच कल्पना मांडली, आणि तिच्यावर आजही गंभीर संशोधन चालतं.

मांडणी सोपी असल्यामुळेच फसगत होते. सॉफ्टवेअर क्वचितच एरर देतं. कसलेही नियम भरा, काहीतरी उत्तर येतंच, आणि ते रंगीत आकृतीत छान दिसतं. बिघाड असतो तो नियमांत, आणि बहुतेक वेळा नियम लिहिण्याच्याही आधी.

या लेखात उदाहरण म्हणून ई. कोलाय या जिवाणूचा लॅक ऑपेरॉन, म्हणजे लॅक्टोज पचवणाऱ्या जनुकांचा एकत्र चालू-बंद होणारा गट, घेतला आहे. कुंद्याच्या गावात दुधातल्या साखरेचं उदाहरण घ्यायला कोणाची हरकत नसावी. शिवाय जाकोब आणि मोनो यांच्या 1961 च्या कामापासून या यंत्रणेचे इतके म्युटंट (जनुकात बदल झालेल्या पेशी) तपासले गेले आहेत की मॉडेल बरोबर की चूक ते लगेच कळतं.

0 म्हणजे काय ते न ठरवता सुरुवात करणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. यातली पात्रं अशी: सीआरपी हे ऑपेरॉन चालू करणारं प्रथिन, रिप्रेसर तो बंद ठेवणारं, एमआरएनए ही जनुकांची प्रत, पर्मिएज लॅक्टोज आत आणणारं प्रथिन, गॅलॅक्टोसिडेज तो पचवणारं एन्झाइम, आणि ॲलोलॅक्टोज ही रिप्रेसरला हटवणारी साखर. चिन्हांत '!' म्हणजे 'नाही', '&' म्हणजे 'आणि', '|' म्हणजे 'किंवा'. पाठ्यपुस्तकातली आकृती समोर ठेवून बहुतेक जण असे नियम लिहितात:

सीआरपी = !ग्लुकोज
रिप्रेसर = !ॲलोलॅक्टोज
एमआरएनए = सीआरपी & !रिप्रेसर
पर्मिएज = एमआरएनए
गॅलॅक्टोसिडेज = एमआरएनए
आतला लॅक्टोज = बाहेरचा लॅक्टोज & पर्मिएज & !ग्लुकोज
ॲलोलॅक्टोज = आतला लॅक्टोज & गॅलॅक्टोसिडेज

एकेक ओळ वाचली तर कुठेच खोट दिसत नाही. आता ग्लुकोज 0, बाहेरचा लॅक्टोज 1 ठेवा आणि ऑपेरॉन बंद असलेल्या पेशीपासून सुरुवात करा. पर्मिएज 0, म्हणून लॅक्टोज आत येत नाही. म्हणून ॲलोलॅक्टोज 0, रिप्रेसर 1, एमआरएनए 0, आणि पर्मिएज पुन्हा 0. या मॉडेलमधली पेशी दुधात बुडवून ठेवली तरी उपाशी मरेल. खरी ई. कोलाय मात्र काही वेळात लॅक्टोज पचवायला लागते.

ऑपेरॉन बंद असतानाही थोडी गळती चालू असते, हे नियमांत आलेलंच नाही. पेशीत पर्मिएज आणि गॅलॅक्टोसिडेजचे मोजके रेणू असतातच, आणि सुरुवात त्यांच्यापासून होते. पूर्ण चालू आणि बंद यांत सुमारे हजारपट फरक आहे, पण बंद म्हणजे शून्य रेणू असं नाही.

पुष्कळ जण इथे घाईघाईने ॲलोलॅक्टोजच्या नियमातून गॅलॅक्टोसिडेज काढून टाकतात आणि लॅक्टोजला थेट आत सोडतात. त्याने पेशी चालू होते खरी, पण दुसरीकडे बिघडतं. लॅकझेड, म्हणजे गॅलॅक्टोसिडेजचं जनुक, काढून टाकलेली पेशी लॅक्टोजने चालू होत नाही, कारण लॅक्टोजपासून ॲलोलॅक्टोज बनवायला तेच एन्झाइम लागतं. लॅकवाय, म्हणजे पर्मिएजचं जनुक, काढलं तर लॅक्टोज आतच येत नाही. असं घाईने दुरुस्त केलेलं मॉडेल मात्र या दोन्ही म्युटंटना खुशाल चालू दाखवतं.

म्हणजे 'गळतीपुरतं आहे' आणि 'अजिबात नाही' या दोन अवस्था वेगळ्या ठेवाव्याच लागतात. पर्मिएज आणि गॅलॅक्टोसिडेजला तीन पातळ्या द्या: 0 म्हणजे जनुकच नाही, 1 म्हणजे गळती, 2 म्हणजे पूर्ण. एमआरएनए 1 असेल तर दोन्ही 2 कडे जातात, नसेल तर 1 वर राहतात. 0 फक्त नॉकआउटमध्ये, म्हणजे जनुक काढून टाकलं तेव्हा. बाहेरच्या लॅक्टोजलाही तीन पातळ्या: 0 नाही, 1 मध्यम, 2 भरपूर. आतल्या लॅक्टोजचा नियम मग असा होतो: ग्लुकोज नसावा, आणि एकतर लॅक्टोज 2 असून पर्मिएज किमान 1 असावं, किंवा लॅक्टोज 1 असून पर्मिएज 2 असावं. ॲलोलॅक्टोजसाठी आतला लॅक्टोज आणि किमान 1 पातळीचं गॅलॅक्टोसिडेज. बाकी नियम आहेत तसेच.

ग्लुकोज नसताना याचं उत्तर असं येतं. लॅक्टोज 0 असेल तर बंद, 2 असेल तर चालू, आणि 1 असेल तर दोन स्थिर अवस्था: आधी चालू असलेली पेशी चालू राहते, बंद असलेली बंद राहते. ग्लुकोज असेल तर तिन्ही पातळ्यांवर बंद. मधल्या पातळीवरचं हे दुहेरी वागणं कल्पनेतलं नाही. टीएमजी नावाचा न पचणारा इंड्यूसर (ऑपेरॉन चालू करणारा पदार्थ) वापरून नोविक आणि वायनर यांनी ते 1957 मध्येच दाखवलं होतं.

अशी मॉडेलं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी बूलनेट तीन पातळ्यांचं मॉडेल थेट घेत नाही, जिनसिम घेतं. बूलनेटच वापरायचं असेल तर पर्मिएजचे दोन घटक करा, एक गळतीचा आणि एक पूर्ण पातळीचा, आणि दुसऱ्याच्या नियमात पहिला '&' लावून घाला. तसं केलं नाही तर 'गळती नाही पण पूर्ण आहे' अशा निरर्थक अवस्था तयार होतात आणि अट्रॅक्टरच्या, म्हणजे मॉडेल शेवटी जिथे जाऊन थांबतं किंवा फिरत राहतं त्या अवस्थांच्या, यादीत घुसतात. नॉकआउट करताना गळतीचा घटक 0 करायचा. फक्त वरचा घटक 0 केला तर जनुक काढलं असं होत नाही, ते गळतीवर अडकवलं असं होतं.

सिंक्रोनस अपडेटमधली भुतं

दुरुस्त मॉडेल लॅक्टोज 1, ग्लुकोज 0 ला ठेवून सिंक्रोनस पद्धतीने, म्हणजे प्रत्येक पायरीला सगळे घटक एकदम बदलून, चालवा. 2 स्थिर अवस्था मिळतात आणि त्यांच्यासोबत 5 पायऱ्यांची 6 चक्रं. एकूण 8 अट्रॅक्टर. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये अशा चक्रांवर 'ऑपेरॉनची दोलनं' म्हणून अख्खं प्रकरण लिहिलं जातं.

ती चक्रं खोटी आहेत. एमआरएनए, पर्मिएज, आतला लॅक्टोज, ॲलोलॅक्टोज आणि रिप्रेसर हे पाच घटक एका वर्तुळात बसलेले आहेत. सिंक्रोनसमध्ये सगळे एकाच ठोक्याला बदलतात, त्यामुळे वर्तुळात सोडलेला कोणताही नमुना तसाच गोल फिरत राहतो. खऱ्या पेशीत एमआरएनए, प्रथिन आणि साखर एकाच क्षणी कशाला बदलतील? असिंक्रोनसमध्ये एका वेळी एकच घटक बदलतो, आणि तिथे ही सहाही चक्रं गळून पडतात. उरतात फक्त 2 स्थिर अवस्था.

तपासायचा सोपा मार्ग: मॉडेल दोन्ही पद्धतींनी चालवा. स्थिर अवस्था दोन्हीकडे त्याच यायला हव्यात, हे गणितानेच ठरलेलं आहे. तिथेच फरक पडला तर फाइलमध्ये चूक आहे. चक्र फक्त सिंक्रोनसमध्ये दिसत असेल तर त्यावर जीवशास्त्र रचू नका. उलट, चक्र दिसलं की ते खोटंच असं धरूनही चालू नका. 2000 साली एलोविट्झ आणि लायब्लर यांनी बनवलेला रिप्रेसिलेटर घ्या, तीन जनुकं, प्रत्येक पुढच्याला दाबणारं. सिंक्रोनसमध्ये त्याची दोन चक्रं येतात: एक 6 अवस्थांचं आणि एक 000 व 111 मध्ये उड्या मारणारं. असिंक्रोनसमध्ये दुसरं नाहीसं होतं, पहिलं टिकतं, आणि तेच प्रत्यक्षातल्या दोलनांशी जुळतं.

थॉमस यांचे दोन नियम इथे कामी येतात. एकाहून जास्त स्थिर अवस्था हव्या असतील तर जाळ्यात धन वर्तुळ असावंच लागतं, आणि टिकाऊ दोलनासाठी ऋण वर्तुळ. वर्तुळातल्या दाबणाऱ्या बाणांची संख्या सम असेल तर वर्तुळ धन, विषम असेल तर ऋण. लॅकच्या वर्तुळात असे दोन बाण आहेत, ॲलोलॅक्टोजकडून रिप्रेसरवर आणि रिप्रेसरकडून एमआरएनएवर. म्हणून ते धन, आणि त्याच्याकडून दोलनाची अपेक्षाच करू नये. वर्तुळं कागदावर मोजायला दहा मिनिटं लागतात आणि पुढचे बरेच तास वाचतात.

बाण म्हणजे नियम नव्हे

आकृतीत एका जनुकाकडे चार बाण येत असतील तर त्या चार इनपुटचे 65,536 वेगवेगळे बूलियन नियम होऊ शकतात. दोन इनपुटना 16, तीनला 256. आकृती यांतला कोणता ते सांगत नाही. 'सगळे चालू करणारे "|" ने जोडायचे आणि दाबणारे "& !" ने' ही सवय डोळे झाकून वापरली जाते. कधी ती बरोबर ठरते, कधी नाही. दोन प्रथिनं मिळूनच कॉम्प्लेक्स बनत असेल तर '&' हवं. एकमेकांची जागा घेऊ शकणारी प्रथिनं असतील तर '|'.

एकाच घटकाचा परिणाम दोन वाटांनी होत असेल तर दोन्ही लिहा. ग्लुकोज वरच्या नियमांत दोनदा आला आहे, आणि ती पुनरुक्ती नाही. एकदा सीएएमपी (सीआरपीला कामाला लावणारा छोटा रेणू) कमी करून सीआरपीमार्फत, आणि एकदा पर्मिएजला थेट अडवून. दुसरी वाट गाळली तर मॉडेल म्हणेल की बाहेरून सीएएमपी घातलं की ग्लुकोजचा अडथळा संपला. प्रयोगांत तसं होत नाही.

आयपीटीजीच्या, म्हणजे लॅबमध्ये ऑपेरॉन चालू करायला वापरतात त्या कृत्रिम इंड्यूसरच्या, बाबतीतही तेच. प्रयोगशाळेत वापरायच्या प्रमाणात, साधारण 1 मिलिमोलरला, तो पर्मिएजशिवायही आत जातो, पचत नाही, आणि रिप्रेसरवर थेट काम करतो. त्याला लॅक्टोजच्या जागी टाकलं तर लॅकवाय आणि लॅकझेड म्युटंटमध्ये तो निकामी दिसेल, जे चूक आहे. रिप्रेसरचा नियम !(ॲलोलॅक्टोज | आयपीटीजी) असा करा. आणि तुमच्या लॅबमधली जात बीएल21 (डीई3) असेल तर तिथे टी7 पॉलिमरेज (आरएनए बनवणारं एन्झाइम) लॅकयूव्ही5 या प्रमोटरखाली, म्हणजे लॅकच्या बदललेल्या स्विचखाली, असतं, ज्याला सीआरपीची फारशी गरज नसते. त्या पेशीचे आकडे आणून या मॉडेलच्या ग्लुकोजच्या नियमावर ताडू नका.

निरुपयोगी इनपुट हा आणखी एक गुपचूप शिरणारा दोष. 'ब | (ब & क)' या नियमात क चा काहीच प्रभाव नाही, तो नियम नुसता 'ब' आहे. आकृतीत क कडून बाण दिसत राहतो आणि आपण त्यावर चर्चा करत बसतो. प्रत्येक नियमाचं ट्रुथ टेबल (इनपुटच्या प्रत्येक जोडणीचं उत्तर देणारा तक्ता) लिहून बघा: प्रत्येक इनपुट बदलल्यावर निदान एका ओळीत तरी उत्तर बदललं पाहिजे. कंसही स्वतः घाला. 'अ & ब | क' याचा अर्थ सॉफ्टवेअरवर सोडू नका.

प्रथिन-प्रथिन संबंधांच्या डेटाबेसमधून रेषा उचलताना जास्तच जपा. दोन प्रथिनं एकमेकांना चिकटतात एवढंच तिथे कळतं. दिशा नाही, आणि चालू करतं की दाबतं तेही नाही. त्या रेषेला मनाने बाण लावला तर पुढचं सगळं मनाचंच.

प्रत्येक नियमासमोर एक रकाना ठेवा: हा नियम कशावरून. ग्रुपमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी मुलं असतात. टिपणं ज्याला जी भाषा सोयीची त्या भाषेत लिहा, पण फाइलीतली जनुकांची नावं रोमन लिपीत आणि प्रचलित संकेतांनीच ठेवा. एकाने लहान अक्षरांत आणि दुसऱ्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं तर सॉफ्टवेअर ती दोन जनुकं समजतं. बूलनेट त्यातल्या नियम नसलेल्या नावाला इनपुट धरतं आणि नुसती वॉर्निंग देऊन पुढे जातं. ती वॉर्निंग कोणी वाचत नाही.

आणि हो, इनपुट मोकळे सोडलेत तर प्रत्येक इनपुटच्या प्रत्येक किमतीसाठी वेगळे अट्रॅक्टर येतात. वरच्या मॉडेलमध्ये ग्लुकोजच्या 2 आणि लॅक्टोजच्या 3 पातळ्या मिळून 6 परिस्थिती होतात आणि स्थिर अवस्था एकूण 7 येतात. 'पेशीला 7 अवस्था आहेत' असं लिहू नका. एकेक परिस्थिती पक्की करून वेगळी चालवा.

मोजमापाचं 0-1 करताना

ओएनपीजी (या एन्झाइमने तुटलं की पिवळं होणारं रसायन) टाकून गॅलॅक्टोसिडेज मोजलं, 420 नॅनोमीटरला पिवळा रंग वाचला, 600 ला पेशींची दाटी, त्यावरून मिलर युनिट, म्हणजे एन्झाइमच्या कामाचं माप, काढले. आता कुठल्या आकड्याच्या वर 1? सगळ्या जनुकांना एकच उंबरठा लावणं चूक. एका जनुकाची बंद पातळी दुसऱ्याच्या चालू पातळीपेक्षा जास्त असू शकते. उंबरठा जनुकागणिक ठरवा, आणि शक्य असेल तर ज्ञात बंद आणि ज्ञात चालू नमुन्यांमध्ये बसवा: लॅकसाठी ग्लुकोजवर वाढवलेली पेशी आणि आयपीटीजी दिलेली पेशी.

के-मीन्सने, म्हणजे जवळजवळचे आकडे एकत्र करणाऱ्या पद्धतीने, दोन गट पाडण्याची सोय बूलनेटमध्ये आहे, पण त्या पद्धतीला दोन गट पाडा म्हटलं की ती पाडतेच, आकडे नुसता गोंगाट असले तरीही. ज्या जनुकाची पातळी प्रयोगभर हललीच नाही त्याचंही ती 0011010 करून ठेवते. गट पाडण्याआधी सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा यांतलं अंतर बघा. ते तिहेरी वाचनांतल्या फरकाएवढंच असेल तर त्या जनुकाला या डेटावरून 0 किंवा 1 देऊ नका.

पायरी म्हणजे मिनिट नाही

मॉडेलमधल्या 5 पायऱ्या म्हणजे 5 मिनिटं नव्हेत, आणि सगळ्या पायऱ्या सारख्या लांबीच्याही नसतात. फॉस्फोरिलेशन (प्रथिनाला फॉस्फेट जोडणं) सेकंदांत होतं, प्रथिन साचायला कितीतरी जास्त वेळ लागतो. जलद आणि संथ घटक वेगळे करायचे असतील तर जिनसिममध्ये प्राधान्याचे गट पाडता येतात. घटक बदलण्याचे दर देऊन संभाव्यता हवी असेल तर मॅबॉस हे सॉफ्टवेअर वापरा.

संभाव्यतेवरून आठवलं: बेसिनचा, म्हणजे एका अट्रॅक्टरकडे जाणाऱ्या सगळ्या अवस्थांचा, आकार म्हणजे शक्यता नव्हे. बुरशीच्या, म्हणजे यीस्टच्या, पेशीचक्राचं 2004 चं प्रसिद्ध मॉडेल 11 घटकांचं आहे. त्याच्या 2,048 अवस्थांपैकी 1,764 एकाच स्थिर अवस्थेकडे जातात, आणि ती पेशीच्या जी1 विश्रांतीशी जुळते. यातून जाळ्याची मजबुती दिसते. '86 टक्के पेशी जी1 मध्ये असतात' असा निष्कर्ष त्यातून निघत नाही, कारण पेशी सगळ्या 2,048 अवस्थांतून सारख्याच प्रमाणात सुरुवात करत नाहीत.

त्याच मॉडेलमध्ये आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. इनपुटची बेरीज शून्य आली तर घटक आहे तसा राहतो, आणि ज्यांना दाबणारं कोणी नाही त्यांना आपोआप विझण्याचा बाण दिलेला आहे. साध्या बूलियन नियमात असं नसतं. चालू करणारा गेला की घटक पुढच्या पायरीला 0. दोन पद्धतींचे नियम एकाच फाइलीत मिसळले, किंवा 'प्रथिन टिकतं ना' म्हणून घटकाला स्वतःचाच बाण लावला, की फुकटची धन वर्तुळं तयार होतात आणि स्थिर अवस्था दुपटीने वाढतात. स्वतःकडे येणारा बाण तेव्हाच, जेव्हा ते प्रथिन स्वतःच्या जनुकाला चालू करतं असा पुरावा असेल.

आकाराचंही भान ठेवा. 20 घटकांना सुमारे साडेदहा लाख अवस्था, 30 घटकांना 107 कोटींवर. सगळ्या अवस्था तपासायला लावून लॅपटॉप रात्रभर ठेवला आणि पावसाळ्यात खानापूरकडे जाते तशी लाइट गेली, की सकाळी पुन्हा पहिल्यापासून. 20 च्या पुढे गेलात तर बूलनेटमधली सॅट पद्धत (सगळ्या अवस्था न मोजता अट्रॅक्टर शोधणारी) वापरा, किंवा मधले नुसते निरोप पोचवणारे घटक काढून जाळं आटोपशीर करा. स्वतःवर परिणाम न करणारा घटक काढला तर स्थिर अवस्था शाबूत राहतात. असिंक्रोनस चक्रं मात्र बदलू शकतात, म्हणून दोलन हाच प्रश्न असेल तर हा उपाय टाळा.

तपासणी करताना

ज्या निरीक्षणांवरून नियम लिहिले त्याच निरीक्षणांशी मॉडेल जुळलं, ही तपासणी होत नाही. निदान दोन-तीन म्युटंट बाजूला ठेवा आणि नियम पक्के झाल्यावरच त्यांच्याकडे वळा. लॅकसाठी चांगला संच असा: रिप्रेसर 0 वर खिळवला तर ग्लुकोज नसताना लॅक्टोजशिवायही चालू. रिप्रेसर 1 वर खिळवला, म्हणजे सुपररिप्रेसर, तर लॅक्टोज भरपूर असूनही बंद. गॅलॅक्टोसिडेज 0 असेल तर लॅक्टोजने बंद पण आयपीटीजीने चालू. वरचं दुरुस्त मॉडेल हे तिन्ही देतं.

एक म्युटंट मात्र या मॉडेलकडून मागू नका. ऑपरेटरमधला, म्हणजे रिप्रेसर बसतो त्या डीएनएच्या तुकड्यातला, दोष फक्त त्याच डीएनएवरच्या जनुकांवर परिणाम करतो. पेशीत ऑपेरॉनच्या दोन प्रती असतील, एक दोषी आणि एक धड, तर 'एमआरएनए' हा एकच घटक दोघांना पुरत नाही. प्रत्येक प्रतीसाठी वेगळा एमआरएनए घटक लागतो.

उत्तर जुळेना तर कशाकडे आधी बघायचं ते लक्षणावरून ठरवा. सगळं कायम 0 वर जात असेल तर गळती विसरली आहे किंवा एखादा इनपुट 0 वर राहिला आहे. सगळं कायम 1 वर असेल तर '|' जास्त झालेत किंवा एखादा उद्गारचिन्हाचा '!' सुटला आहे. अट्रॅक्टर अपेक्षेच्या दुप्पट किंवा चौपट असतील तर मोकळे इनपुट, स्पेलिंगमधून जन्मलेली खोटी जनुकं किंवा स्वतःकडचे बाण. नॉकआउटचा कशावरच परिणाम होत नसेल तर ते जनुक कुठल्यातरी नियमात निरुपयोगी इनपुट होऊन बसलं आहे.

फाइल दुसऱ्याला द्यायची तर एसबीएमएल-क्वाल या सामायिक फाइल-प्रकारात द्या, म्हणजे जिनसिमची फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडते. फक्त त्या फाइलीत नियम आणि पातळ्या जातात, अपडेटची पद्धत जात नाही. सिंक्रोनस की असिंक्रोनस, प्राधान्याचे गट कोणते, कोणते इनपुट कुठल्या किमतीला पक्के केले, सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती होती, हे रिपोर्टच्या पद्धती विभागात शब्दांत लिहा. व्हायव्हाला बाहेरून आलेले परीक्षक पहिल्यांदा तेच विचारतात.